यल्लम्माचे नऊ जीबी

चिटगुप्पा,
रविवार, ४ मे २०२५

चि. नेत्रावतीस रत्नम्मा आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? उन्हाळा लागला की तुला पित्त होतं, यंदा झालं का? सकाळी उपाशी पोटी चहा घेणं सोडलंस की अजून तेच चाललंय? तुझ्या खोलीतली प्रणिता बरी आहे ना? तिचा हात मोडला होता तो आता वेणी घालण्याइतका वर जातो का, तेवढं विचार. तुझ्या गाईड कुसुमताई मॅडमचे गुडघे कसे आहेत? एरंडाचं तेल कोमट करून लावायला मी सांगितलं होतं. मोठ्या शिकलेल्या बाई, हसल्या असतील, पण लावलं असेल तर गुण आला असेल.

इकडे तुझ्या अव्वाची कंबर आहे तशीच आहे. सकाळी वाकली की दुपारी सरळ होते. तुझ्या अप्पाची, शरणूची, साखर वाढलीय आणि तो ते मान्य करत नाही. म्हैस व्याली, रेडकू झालं. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय, पण अक्षर दिसतंय तोवर घाई नाही. शेजारचं काही लिहीत नाही. त्यांचं दार बंद असतं.

कागदावर लिहिण्याचं कारण असं की तुला चार मेल केले आणि चारही परत आले. श्रीलक्ष्मी मॅडमनी वाचून सांगितलं, पेटी भरलीय, आता पत्र आत घेत नाही. या मॅडम कॉलेजचं ग्रंथालय बघतात, गेल्या जूनपासून इथं आहेत, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. फोन तर तू संक्रांतीपासून उचलत नाहीस. तो राग मी समजू शकते, म्हणून त्याबद्दल विचारत नाही.

मला दुसरंच विचारायचं आहे. चार वर्षांपूर्वी तुझ्या पीएच.डी.चं काम सुरू झालं तेव्हा तू माझ्या मोबाईलवर तुझं विद्यापीठाचं खातं उघडून दिलंस. म्हणालीस, "आत्या, इथं जागेला तोटा न्हाई. बायकांना बोलवायचं, बोलू द्यायचं, मोबाईलवर घ्यायचं, आपोआप माझ्याकडं येतंय." तसं मी करत आले. आपल्या त्रेसष्ट बायका त्यात आहेत. पण गेल्या आठ दिवसांपासून त्यातल्या एकेक नाहीशा व्हायला लागल्यात. सोमवारी हरिबाची आई गेली. मंगळवारी गुंडप्पाच्या घरच्या तिघी जावा. मी घाबरले. शोधता शोधता त्या ट्रॅशमध्ये सापडल्या, म्हणजे केराच्या टोपलीत. कुणी टाकल्या, कशा पडल्या, देव जाणे. मी एकेकीला उचलून परत जागेवर ठेवलं. आतापर्यंत तेवीस जणी परत आणल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा टोपलीत. मी पुन्हा आणल्या. मशीन बिघडलंय का, तेवढं कळव. तोवर मी राखण करते.

शरणूला या पत्राची खबर नाही. उत्तर टाकलंस तर श्रीलक्ष्मी मॅडमच्या नावे, कॉलेज ग्रंथालय, चिटगुप्पा, असं टाक.

तुझी,
रत्नम्मा आत्या


चिटगुप्पा,
११ मे २०२५

चि. नेत्रावतीस आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. पण आता मला सगळं कळलंय, आणि कळल्यापासून चपाती लाटताना लाटणं हातात तसंच राहतं.

माझ्या मोबाईलवर विद्यापीठाचे मेल दिसत होते, पण इंग्रजी म्हणून मी सोडून देत होते. परवा श्रीलक्ष्मी मॅडमना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला आणि मला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी समजले.

तुझ्या पुण्याच्या विद्यापीठानं एक मेपासून जागा कमी केली. एकेकाला पंधरा जीबी. तुझ्या खात्यात भरलेत एकशे चौऱ्याण्णव. एकतीस मेपर्यंत पंधरावर आणलं नाही तर खात्याला कुलूप आणि मग सगळंच पुसणार, तुझा प्रबंधसुद्धा. तोवर एकही मेल आत येणार नाही.

"रत्नक्का," मॅडम म्हणाल्या, "ती जागा करायलीय आणि तुम्ही परत भरायलाव."

"मला काय ठावं, मी म्हटलं पोरीचं काहीतरी हरवायलंय."

"आणि टोपलीत असलं तरी जागा खातंच ते. टोपली रिकामी केली तरच मोकळं. तीस दिवसांनी आपोआप बी जातंय."

म्हणजे बघ. तू तिकडं दिवसभर घर झाडायचीस आणि मी इकडून तोच केर परत घरात आणून नीट घडी घालून ठेवायची. पंधरा दिवस हे चाललं. तुला वाटलं असेल मशीनला भूत लागलंय.

एवढी जागा कशी भरली, ते मॅडमनी विचारलं. कुणाचं अडीच तास, कुणाचं तीन तास, आणि सगळ्यांचा नुसता आवाज नाही तर चित्रासकट. कामाचं बोलणं अर्ध्या तासाचं असतं म्हणाल्या. मी काय सांगणार? बाई घरी आली, पाट दिला, चहा दिला, ती बोलायली, आणि तिच्या देखत मी ते बंद करू? म्हणजे ऊठ म्हटल्यासारखं झालं की. समोरची बाई पाटावरून उठून पदर सारखा करेपर्यंत मी कधी बटणाला हात लावला नाही. आणि चित्र कामून, तर बायका पेटीतली इरकल साडी काढून नेसून यायच्या. एवढं नेसून आलेल्या बाईचा नुसता आवाज घ्यायचा? त्यामुळं प्रत्येकीच्या पहिल्या वीस मिनिटांत नुसती सगळ्यांची खुशाली आहे, आणि शेवटची वीस मिनिटं दारात उभं राहून निरोप. मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

तू मला कधी म्हणाली नाहीस की आत्या, आवर. म्हणायला हवं होतंस.

आज मी टोपली नीट पाहिली. परत आणायला नाही, नुसती पाहिली. तू मोठ्या मोठ्या फाईली आधी काढायलीस असं दिसतं. गुरुवारी, आठ तारखेला, तू यल्लम्माची काढलीस. ती सगळ्यांत मोठी. नऊ जीबी.

ती तीस वर्षांपासूनची आपली शेजारीण, हे तुला काय सांगू. तिच्या बोलण्यातली दोन मिनिटं तू डिसेंबरच्या परिसंवादात ऐकवलीस, तो कार्यक्रम इंटरनेटवर गेला. नाव तू घेतलं नव्हतंस, पण आवाजाला काय झाकणार? तिच्या घरात मूल का होत नाही, कमी कुणात आहे, सुनेच्या माहेरापासून काय लपवलंय, ते सगळं कलबुर्गीत सुनेच्या माहेरी पोचलं. आठ दिवसांत ते लोक आले आणि सुनेला घेऊन गेले. मुलगा दुकान उघडत नाही. यल्लम्मानं आपल्या दारात उभं राहून तुझ्या नावानं जे काही म्हटलं ते तू ऐकलंस, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शरणूनं तुझी बॅग ओसरीवर ठेवली.

त्या फाईलला मी हात लावलेला नाही. तू टाकलीयस तिथंच आहे. राहू दे का तशीच, ते कळव. सात जूनला आपोआप जाईल.

माझा मोबाईल तू तुझ्या खात्यातून अजून काढला नाहीस. मॅडम म्हणाल्या, एका मिनिटाचं काम आहे. तू ते केलं नाहीस एवढंच मी धरून बसलेय.

रत्नम्मा आत्या


चिटगुप्पा,
१७ मे २०२५

चि. नेत्रा,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकत आहे. आधी कामाचं.

तुझ्या विद्यापीठाकडून इथल्या पत्त्यावर एक नोटीस आली. तुला पाठवलेले मेल परत आले म्हणून कायमच्या पत्त्यावर पाठवली, असं तीत लिहिलं आहे. मेल परत आले ते पेटी भरली म्हणून, आणि पेटी भरली ती कोणामुळं, ते तू जाणतेस. शरणूनं ती वाचली आणि कपाटात टाकली. तो तुरीचा भाव बघायला कलबुर्गीला गेला तेव्हा मी काढली आणि मॅडमकडून अर्थ लावून घेतला. तुला कोणी सांगितलं नसेल तर ऐक:

यल्लम्माच्या मुलानं लेखी तक्रार केलीय की आईची परवानगी नसताना तिचं बोलणं वापरलं. दहा जूनला समिती बसणार. तू मूळ रेकॉर्डिंग दाखवायचंस, खात्यातच, मूळ तारखेसकट, दुसरीकडं उतरवून घेतलेलं चालणार नाही. परवानगी आणि तिच्या आधीनंतरचं बोलणं त्यांना ऐकायचं आहे. नाही दाखवलंस तर तुझी नोंदणी रद्द.

चार वर्षांचं काम, नेत्रा.

जेवताना मी शरणूपाशी विषय काढला. "हे तिला पाठवायला पायजे."

"कामून?"

"तिचं नाव काढतील."

"काढू देत. नाव गेलं की येतीया घरी. शिकून आता आणि कुणाच्या घरात काडी लावायची राहिलीय?"

"तिची चूक न्हाई म्हटलं तर?"

"मग कुणाची, अक्का?"

तुझी अव्वा भाजीचं पातेलं हातात घेऊन उभी होती. दोघंही माझ्याकडं पाहत होते. मी भाकरीचा तुकडा मोडला, मग त्याचे आणखी दोन केले. तो म्हणाला, "सांग की." मी म्हटलं, "मीठ कमी हाय का भाजीला?" तो जेवून उठला.

एकतीस वर्षं मी या घरात आहे. नवरा गेल्यावर शरणू स्वतः बैलगाडी घेऊन मला आणायला आला होता, तेव्हा तो तेवीसचा होता. या घरात मला कुणी पाहुणी म्हटलं नाही. पण घरवाली मी नाही, हेही मला रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी आठवतं.

बाकीच्या बायकांचं काय करायचं ते मी मॅडमना विचारलं. उतरवून ठेवता येईल म्हणाल्या. माझ्या मोबाईलला दिवसाला दीड जीबी मिळतं. हिशेब केला तर चार महिने लागतील. कॉलेजात परीक्षा, तिथलं नेट सकाळी असतं आणि दुपारी नसतं. आम्ही तीन दिवस बसून अकरा जणी मोबाईलच्या कार्डात उतरवल्या. पहिल्यांदा गुरुपादय्याची बायको, कारण ती आता नाही.

तुला एक विनंती. ट्रॅश रिकामा करू नकोस. एक दाब दिला की सगळंच जातं, निवडायला मिळत नाही. आणि यल्लम्माचं तू कधी पहिल्यापासून ऐकलंयस का? मी तुला सांगितलं होतं की एक तास चाळीस मिनिटांपासून ऐक, आधी नुसतं लग्नाचं आणि भाकरीचं आहे. तू तिथूनच ऐकलंस ना?

रत्नम्मा आत्या


चिटगुप्पा,
२२ मे २०२५

नेत्रा,

मागच्या पत्रात मी प्रश्न विचारून थांबले. आज उत्तर लिहिते. चार वेळा कागद फाडलाय.

गेल्या वर्षी श्रावणातला सोमवार होता. यल्लम्मा हिरवी इरकल नेसून आली. तू शिकवल्याप्रमाणं मी आधी वदवून घेतलं: "माझं नाव यल्लम्मा. माझं बोलणं घेतलंत तर माझी हरकत न्हाई." मग ती बोलायली. बोलली छान. तिच्या लग्नात वरात चिखलात अडकली आणि नवरदेवानं स्वतः गाडीला खांदा दिला ते सांगताना आम्ही दोघी पोट धरून हसलो. दीड तास असं गेलं.

मग तिनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "रत्नक्का, ते बंद कर गं. एक सांगायचंय."

मी हात पुढं केला, मोबाईल उचलला आणि चटईवर पालथा घातला. बटण दाबलं नाही. म्हणाले, "केलं. बोल."

त्यापुढचं चित्र काळं आहे, नुसता आवाज आहे. एक तास अडतीसाव्या मिनिटाला तिचं ते वाक्य आहे आणि लगेच माझं. म्हणून तुला मी चाळीसपासून ऐक म्हटलं.

का केलं, ते इतके दिवस मी स्वतःला असं सांगत आले की तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रडणाऱ्या बाईसमोर चष्मा शोधून बटण कुठंय ते बघत बसणं बरं दिसलं नसतं. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की ते चालू आहे हे मला ठाऊक होतं. तू म्हणायचीस, "आत्या, बायका मोबाईल बघितला की पुस्तकातलं बोलायल्यात. मला चुलीपाशी बोलतात तसं पायजे." साठ बायका घेऊन मला ते जमलं नव्हतं. आणि ते समोर बसून रडायलं होतं. मला वाटलं, हे पोरीला मिळालं तर ती म्हणेल, आत्यानं केलं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वाण्याच्या पुडीचे कागद वाचून अक्षर शिकले. कन्नडात बोलते आणि मराठीत लिहिते, आणि दोन्ही मला कुणी शिकवलेलं नाही. तुझ्या पुस्तकात माझ्यामुळं काही आहे, ही हाव मला झाली होती.

तू फोन केलास. "आत्या, हे फार मोलाचं हाय. पण विचारलंस ना गं तिला?"

मी म्हटलं, "व्हय."

तू पुन्हा विचारलंस. "हे शेवटचं बी?"

"व्हय म्हटलं की."

त्या दिवशी तुझी बॅग ओसरीवर होती तेव्हा मी आत देवघरात बसले होते. तू मला हाक मारलीस. एकदाच मारलीस. मला वाटलं आता बाहेर जाऊन बोलले तर उद्या बॅग माझी असेल, आणि मला जायला पुणं नाही. लिंगपूजा सकाळीच झाली होती. तरी मी पुन्हा पूजेला बसले.

आता तुला कळलं असेल की तू ती फाईल टोपलीत टाकलीस तेव्हा ती परत ठेव असं मी तुला का सांगितलं नाही. मी रोज तिथं जाऊन पाहायची. सतरा दिवस राहिले, सोळा दिवस राहिले. मला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. सात तारखेला माझं "केलं, बोल" जगातून गेलं असतं, दहा तारखेला तुझं नाव गेलं असतं, आणि मी इथं चूल पेटवत राहिले असते.

आज सकाळी मी ती परत जागेवर ठेवली. नऊ जीबी. तुझ्या प्रबंधाचे कागद चार जीबी. तेरा झाले. पंधरात आणखी कुणी मावत नाही. एखादीचा नुसता आवाज मावला असता, पण आवाज वेगळा काढायला आधी सगळं उतरवावं लागतं, आणि तेवढे दिवस नाहीत. बाकी एकूण एक काढावं लागणार, आणि ते मी माझ्या हातानं काढते, कारण भरलं मी. तू आता काही पुसू नकोस.

हे शरणूला अजून सांगितलेलं नाही. यल्लम्मालाही नाही. समितीला ऐकवायचं तर तिला विचारावं लागेल. विचारायचं काम माझंच होतं, ते तसंच राहिलंय.

आत्या


चिटगुप्पा,
२७ मे २०२५

चि. नेत्रावतीस आशीर्वाद.

काल दुपारी यल्लम्माकडं गेले. दोन्ही घरांत एकच भिंत आहे, पण पाच महिन्यांत गेले नव्हते. ती अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होती.

"कशाला आलीस?"

"ऐकवायला."

"काय राहिलंय ऐकायचं? अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलंय."

"हे जिल्ह्यानं ऐकलं न्हाई. तूबी न्हाई."

मी एक तास सदतीसाव्या मिनिटापासून लावलं. तिचं हसणं आलं, मग तिचं वाक्य, मग माझं. तिथं थांबवलं. तिनं हातातली चाळणी खाटेवर ठेवली.

"म्हंजे पोरीला ठावं नव्हतं?"

"न्हाई."

"मी रोज दिवा लावताना तिचं नाव घेऊन बोल लावायलेय."

"माझं घे."

"तुझं घ्यायला तोंड कुठंय मला. माझी दोन्ही बाळंतपणं तू काढलीस." आणि मग जरा वेळानं, "म्हणून तर तुला सांगितलं होतं गं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का?"

 मी कुरडया उलटल्या. तिनं नको म्हटलं नाही.

मग समितीचं सांगितलं. "तू न्हाई म्हटलीस तर न्हाई ऐकवणार."

"मग पोरीचं?"

"नाव काढतील."

"आणि ऐकवलं तर माझी सून येतीया का परत?"

"न्हाई."

ती उठून आत गेली. मला वाटलं संपलं. तांब्या घेऊन बाहेर आली, स्वतः प्याली, मला दिला नाही, आणि म्हणाली, "तू खोटं बोललीस तिथपावतर ऐकू दे त्यांना. त्याच्या पुढचं माझं हाय. ते एका माणसानं बी ऐकायचं न्हाई. आणि झालं की पुसायचं."

"पुसते."

"ह्या खेपेला खरं बोलायलीस का?"

मी म्हटलं, "तूच पूस. बटण कुठंय ते दाखवते तुला. दहा तारखेला समिती झाली की ये."

"येते," म्हणाली. "माझ्या पोराला मी सांगते. तुझ्या भावाला तू सांग."

सांगितलं. जेवायच्या वेळी, जिथं आधी शब्द गिळले होते तिथंच. तुझी अव्वा रडली.  शरणू हात धुऊन माडीवर गेला. तेव्हापासून तो ताट माडीवर मागवतो. मी वाढून ठेवते, सून नेल्यावर शेजारच्या घरात जसं झालं तसं आता या घरात झालंय, भांड्याचासुद्धा आवाज होत नाही. तो मला जा म्हणणार नाही, ते मला माहीत आहे. राहाही म्हणणार नाही. मला दुसरीकडं कुठं जायचं नाही, तेव्हा मी राहते. तुझी बॅग त्यानं ठेवली ती चूक होती, एवढं तरी त्यानं म्हणावं अशी माझी अपेक्षा आहे. म्हटलं की लिहीन.

आज सकाळी ग्रंथालयात बसून बायका काढल्या. काढायच्या आधी जमेल तितक्यांना घरी जाऊन सांगून आले. हरिबाची आई म्हणाली, "काढ की. मी हाय अजून. परत बोलीन, जास्ती बोलीन." गुंडप्पाच्या घरच्या जावांनी विचारलं, मग आमच्या साड्या कुणी बघितल्याच न्हाईत का? मी म्हटलं, नेत्रानं बघितल्या. बघितल्या होत्यास ना? अकरा जणी कार्डात आहेत. एक्कावन्न गेल्या. शेवटी ट्रॅश रिकामा केला. ते मशीन एकदा विचारतं, कायमचं काढू का. मी मॅडमकडं पाहिलं, त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मी 'हो'वर बोट ठेवलं. चार वर्षं जायला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

आता खात्यात तेरा जीबी आहेत. मी तुला एका ओळीचा मेल केला: पत्र पोचेपर्यंत काही पुसू नकोस. संध्याकाळ झाली, तो परत आलेला नाही. म्हणजे पेटी उघडली. समितीचे मेल आता येतील, ते रोज बघ. उरलेलं कागदावरच लिहिते आहे, कारण हे श्रीलक्ष्मी मॅडमकडूनही टाईप करून घ्यायला मला जड जाईल.

कुसुमताई मॅडमना हे पत्र दाखव, बावीस तारखेचंही दाखव. माझी सही आहे. समितीनं बोलावलं तर मी येईन, एक दिवस आधी कळव, म्हणजे भाकऱ्या करून ठेवून निघता येईल. त्यांना एक तास अडतीस मिनिटांपर्यंत ऐकव आणि माझं वाक्य झालं की थांबव. पुढं एक शब्द नाही. कुणी म्हटलं तरी नाही.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझं तू बघ. पण फाईल तिकडं उघडते का, आवाज नीट येतो का, एवढं पाहून चार ओळी टाक. नुसत्या रागाच्या असल्या तरी चालतील. टपालाला इथं पोचायला चार दिवस लागतात आणि दहा तारीख जवळ आलीय, तेव्हा हे पत्र मिळेल त्याच दिवशी लिही.

तुझी,
रत्नम्मा